चांदीच्या कणांवर सीरम: सर्स जमेपर्यंतचे वीस महिने

जून २०२२ मध्ये काम ठरलं तेव्हा ते दोन ओळींत मावत होतं. तोंडाच्या कर्करोगाचे वीस रुग्ण, वीस निरोगी माणसं, प्रत्येकाचं थोडं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव), त्यात चांदीचे नॅनोकण, वर लेझर. त्यातून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटांत दोन गटांत फरक दिसतो का, ते पाहायचं. एथिक्स कमिटीकडे समारोप अहवाल गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधले वीस महिने कुठे गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे तंत्र आधी कुणी केलेलं नाही, त्यांच्यासाठी. शोधनिबंधांच्या ‘पद्धती’ विभागात ज्या गोष्टी दोन वाक्यांत उरकलेल्या असतात, त्यांतच आमचे महिने गेले.

आधी थोडं तंत्राबद्दल. रामन परिणामाची घोषणा २८ फेब्रुवारी १९२८ ची, कोलकात्यातली. तो परिणाम मुळात फार क्षीण असतो. साधारण कोटीभर फोटॉन विखुरले तर एखादा फोटॉन रेणूची खूण घेऊन बाहेर पडतो. १९७४ मध्ये साउथॅम्प्टनला खरखरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडिनचा संकेत अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा मिळाला, आणि ही वाढ केवळ पृष्ठभाग मोठा झाल्यामुळे नाही हे १९७७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. त्यातून सरफेस एन्हान्स्ड रामन स्पेक्ट्रोस्कोपी उभी राहिली. लॅबमध्ये सगळे तिला ‘सर्स’च म्हणतात. लेझरच्या प्रकाशात चांदीतले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात आणि दोन कणांमधल्या अगदी अरुंद फटीत, एक-दोन नॅनोमीटरच्या, विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं. त्या फटीत जो रेणू असेल तो ओरडून बोलतो. म्हणून कण सुटे असून चालत नाहीत, एकमेकांना बिलगावे लागतात. आणि फार बिलगले तर गोळा होऊन तळाशी बसतात. सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली आहे.

पहिलं काम मात्र चांदीचं नव्हतं, कागदांचं होतं. माणसाचं रक्त वापरायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि रुग्ण रुग्णालयाचे आणि प्रयोगशाळा दुसऱ्या संस्थेची असेल तर दोन्हीकडच्या समित्यांची. अर्जासोबत गेलं ते असं: प्रोटोकॉल, मराठी-हिंदी-इंग्रजी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, भाषांतर बरोबर असल्याचा दाखला, सगळ्यांचे बायोडेटा, दोन संस्थांमधला सामंजस्य करार. करारावर सह्या व्हायलाच सात आठवडे लागले. तेव्हा तो कागद सगळ्यात आधी पळवा, प्रोटोकॉल त्यानंतर लिहीत बसा. आमच्याकडे समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होते. एक सही राहिली की दोन महिने गेले.

पहिल्या बैठकीतून अर्ज परत आला. मुख्य हरकत अशी, की नॅनोकण रुग्णाला दिले जाणार आहेत का, हे माहितीपत्रकावरून कळत नाही. वाचून पाहिलं तर खरंच कळत नव्हतं. आम्ही लिहिलं होतं, ‘या अभ्यासात चांदीच्या नॅनोकणांचा वापर करून रक्ताची तपासणी केली जाईल.’ ते बदलून असं केलं: ‘तुमच्या हातातून ५ मिलि, म्हणजे चहाचा साधारण एक चमचा, रक्त घेतलं जाईल. चांदीचे अतिसूक्ष्म कण त्या रक्तात नंतर प्रयोगशाळेत मिसळले जातील. तुमच्या शरीरात काहीही सोडलं जाणार नाही. या तपासणीचा निकाल तुमच्या उपचारासाठी वापरला जाणार नाही.’ शेवटचं वाक्य लिहिताना जड वाटलं, पण ते लिहायलाच हवं. ओपीडीत बसलेल्या माणसाला वाटतं की आपली आणखी एक तपासणी होते आहे. उरलेल्या नमुन्याचं पुढे काय करणार, हेही त्यांनी विचारलं. अभ्यास संपल्यावर नष्ट करू असं लिहून दिलं. मंजुरी जानेवारी २०२३ मध्ये आली.

मधल्या काळात एक गोष्ट बरी केली: रक्त हाताळणाऱ्या तिघांनी हेपटायटिस बी ची लस जुलैमध्येच सुरू केली. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. मंजुरी हातात आल्यावर लस सुरू केली असती तर आणखी सहा महिने वाट पाहावी लागली असती.

मंजुरीची वाट पाहता पाहता कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे नॅनोकण, बनवायला घेतलं. सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, म्हणजे ली आणि माइझेल यांच्या १९८२ च्या सायट्रेट पद्धतीने. ५०० मिलि पाण्यात ९० मिग्रॅ सिल्व्हर नायट्रेट, उकळी, मग १ टक्का सोडियम सायट्रेटचं १० मिलि द्रावण थेंबाथेंबाने, आणि तासभर उकळत ठेवायचं. तीन बॅच केल्या आणि तीन रंग आले: एक हिरवट-करडी, एक दुधाळ, एक पाण्यासारखी फिकट. या पद्धतीत कणांचे आकार मुळातच विखुरलेले असतात, गोळ्यांसोबत काड्याही होतात, ते मान्य. पण दुधाळ का, याचा शोध घेतला तेव्हा कळलं की पाण्यात क्लोराइड होतं. प्लास्टिकच्या कॅनमधलं ‘डिस्टिल्ड’ पाणी आम्ही विश्वासाने वापरत होतो. त्याची परीक्षा सोपी आहे. टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिलि पाणी घ्या, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. पांढुरकं धुकं दिसलं तर ते पाणी या कामाचं नाही. त्यानंतर १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं पाणीच वापरलं, तेही त्याच दिवशी काढलेलं.

दुसरा गुन्हेगार होता चुंबकी स्टिरर बार. त्याच्या टेफ्लॉनवर ओरखडे पडलेले असतात, त्यांत जुनी चांदी अडकते आणि नव्या बॅचमध्ये बीजासारखी काम करते. सायट्रेटच्या बॅचला एकच नवा बार ठेवला आणि तो दुसऱ्या कुणालाही दिला नाही. काचेची भांडी अॅक्वा रेजियाने धुतली: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक, फ्युम हूडमध्येच आणि लागेल तेवढंच बनवायचं. त्यातून वायू सुटत राहतो, म्हणून बाटलीत झाकण लावून कधीच ठेवायचं नाही, आणि ज्या भांड्यात अॅसिटोन किंवा अल्कोहोलचा अंश आहे त्यात ओतायचं नाही. मग शुद्ध पाण्याने किमान दहा वेळा खळबळून घ्यायचं, कारण अॅक्वा रेजियामागे क्लोराइड राहतं आणि पुन्हा दुधाळ बॅच नशिबी येते.

सप्टेंबरमध्ये सायट्रेट सोडून हायड्रॉक्सिलअमाइनच्या पद्धतीकडे वळलो. लिओपोल्ड आणि लेंडल यांची ही २००३ ची कृती. खोलीच्या तापमानाला होते, काही मिनिटांत होते आणि सायट्रेटची पिकं (इंग्रजीतलं ‘पीक’, वर्णपटातलं उंच टोक) वर्णपटात घुसत नाहीत. आमची १०० मिलिची कृती देते. १०.४ मिग्रॅ हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड ८७ मिलि पाण्यात विरघळवा, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं ३ मिलि द्रावण घाला. वेगळ्या भांड्यात १७ मिग्रॅ सिल्व्हर नायट्रेट १० मिलि पाण्यात घ्या. पहिलं द्रावण जोरात ढवळत ठेवून दुसरं त्यात सारख्या वेगाने सोडा. आम्ही १० मिलिच्या सिरिंजने साधारण एका मिनिटात सोडायचो. रंग क्षणात तपकिरी होतो आणि मग दुधाळ पिवळट-तपकिरीवर स्थिरावतो. ओतण्याचा वेग बदलला की कणांचा आकार बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी एकाच माणसाने ओतावं हे उत्तम. सोडियम हायड्रॉक्साइड ताजं हवं. जुनं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, अल्कता कमी पडते आणि क्षपण, म्हणजे विरघळलेल्या चांदीचं धातूत रूपांतर, अर्धवट राहतं. हायड्रॉक्सिलअमाइन तापवू नका आणि त्वचेवर पडू देऊ नका.

प्रत्येक बॅच दहापट पातळ करून तिचा यूव्ही-व्हिजिबल वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख, घेत होतो. शिखर ४०५ ते ४२० नॅनोमीटरच्या दरम्यान आणि अरुंद असेल तर बॅच ठेवायची. ६०० नॅनोमीटरकडे लांब शेपूट दिसली की कण आधीच गोळा झालेत, टाकून द्यायची. दुसरी परीक्षा अॅडेनिनची: १० मायक्रोमोलर अॅडेनिनवर (डीएनएमधला एक घटक) ७३५ सेंमी⁻¹ जवळचं पीक (रामन पिकांची जागा या एककात सांगतात, पुढचे पिकांचे आकडेही त्यातलेच) आधीच्या बॅचच्या तुलनेत किती उंच येतं ते पाहायचं. वीस टक्क्यांच्या आत असेल तर पास. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोनच बॅच पाहिल्या. प्रत्येकी दीड हजार रुपये आणि तीन आठवड्यांची रांग. ते चित्र निबंधासाठी लागतं, रोजच्या कामाला यूव्ही-व्हिजिबल पुरतं. कोलॉइड तपकिरी काचेच्या बाटलीत, ४ अंशांवर, महिनाभर वापरलं. चुकून फ्रीझरमध्ये ठेवलंत तर गोठताना कण एकत्र येतात आणि बाटली वाया जाते.

खर्चाचं सांगायचं तर चांदी महाग वाटते पण लागते नखभर. २५ ग्रॅमची सिल्व्हर नायट्रेटची बाटली आम्हाला सात हजारांच्या आसपास पडली आणि अभ्यास संपला तेव्हा ती निम्मीही रिकामी झाली नव्हती. खरा खर्च पुढे आला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिलं सीरम आलं. ते कोलॉइडमध्ये मिसळलं, लेझर लावला आणि काहीच दिसेना. थेंब पिवळाच राहिला, वर्णपटात नुसता उतार. आठवडाभर आम्ही कोलॉइडलाच दोष देत होतो. कारण साधं होतं. सीरममध्ये अल्ब्युमिन हे प्रथिनच लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असतं. ते चांदीच्या कणांवर लेपासारखं बसतं, कण एकमेकांना बिलगतच नाहीत, फटी तयार होत नाहीत. मीठ टाकलं तरी ढिम्म. मग प्रथिनं बाजूला काढायची ठरली, १० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक, त्याहून जड रेणू अडतात) सेंट्रिफ्यूज फिल्टरने, म्हणजे वेगाने फिरवून गाळणाऱ्या फिल्टरने. २४ नगांचं पाकीट साडेअकरा हजारांना, तीन कोटेशनं, तुलनातक्ता, खरेदी समितीची सही. माल हातात पडायला सात आठवडे लागले. निदान तीन पाकिटं एकदमच मागवा, नाहीतर काम मध्येच थांबतं.

या फिल्टरच्या पडद्यावर ग्लिसरीनचा अंश असतो. वापरण्याआधी ५०० मायक्रोलिटर शुद्ध पाण्याने दोनदा फिरवून धुवा आणि दुसऱ्यांदा आलेलं पाणी कोलॉइडमध्ये मिसळून त्याचाही वर्णपट घ्या. तो कोरा आला तरच पुढे जा. मग २५० मायक्रोलिटर सीरम, गुरुत्वाच्या १४,००० पट जोराने वीस मिनिटं, शक्यतो ४ अंशांवर. खाली शंभर-दीडशे मायक्रोलिटर स्वच्छ गाळलेला द्रव उतरतो आणि तेवढा पुरतो.

एप्रिलमध्ये ९० मायक्रोलिटर कोलॉइडमध्ये १० मायक्रोलिटर गाळलेलं सीरम सोडलं आणि डोळ्यांदेखत पिवळा रंग हिरवट-करड्याकडे सरकला. वेगळं मीठ घालावं लागलं नाही, सीरममधल्या क्षारांनीच कण जवळ आणले. स्क्रीनवर ६३८ चं टोकदार पीक उभं राहिलं तेव्हा खोलीतले चौघेही उभे राहिले होते.

त्या पिकाची ओळख पटवणं हे वेगळंच काम आहे, आणि इथे घाई करू नका असं कळकळीने सांगते. अनेक जुन्या निबंधांत ६३८ ला टायरोसिन, ७२५ ला अॅडेनिन आणि ११३५ ला मॅनोज असं लिहिलेलं सापडेल. आम्हीही आधी तेच तक्ते समोर ठेवले होते. प्रत्यक्षात गाळलेल्या सीरममध्ये चांदीवर मुख्यतः दोघंच बोलतात: यूरिक अॅसिड, त्याची ६३८, ८९० आणि ११३५ जवळची पिकं, आणि हायपोझँथिन, त्याचं ७२५. सर्समध्ये रक्त दिसत नाही. रक्तातलं जे चांदीला चिकटतं तेवढंच दिसतं. यूरिक अॅसिड पुरुषाच्या रक्तात डेसिलिटरला साधारण साडेतीन ते सात मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोनशे ते चारशे मायक्रोमोलर. हायपोझँथिन जेमतेम काही मायक्रोमोलर. तरी पिकं जवळपास सारख्या उंचीची येतात, कारण हायपोझँथिनची चांदीशी जास्त घसट.

खात्री करून घ्यायला एन्झाइम वापरा. गाळलेल्या सीरममध्ये यूरिक अॅसिड तोडणारं यूरिकेज घालून ठेवलं की ६३८ नाहीसं होतं. झँथिन ऑक्सिडेज घातलं की ७२५ खाली जातं, कारण ते हायपोझँथिनचं यूरिक अॅसिड करून टाकतं. दोन दिवसांचं काम आहे, पण त्यानंतर कुठल्याही परीक्षकासमोर छातीठोक सांगता येतं. शुद्ध यूरिक अॅसिडचं प्रमाण द्रावण करताना ते पाण्यात विरघळत नाही म्हणून घाबरू नका. सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार थेंब घाला, मग पातळ करा, आणि त्याच दिवशी वापरा.

यंत्राबद्दल. रामन सूक्ष्मदर्शक आमचा नव्हता. मध्यवर्ती सुविधेत तासाला सहाशे रुपये आणि आठवड्यातून एक सकाळ. लेझर ७८५ नॅनोमीटरचा घेतला, कारण ५३२ च्या हिरव्या लेझरखाली जैविक नमुने स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत पिकं बुडतात. लेझर सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्या. मग सिलिकॉनच्या चकतीचं पीक ५२०.५ वर आणा आणि त्याची उंची वहीत लिहा. आठवड्यागणिक ती घसरायला लागली तर आरसे हलले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या लेझरच्या टक्क्यांवर विसंबू नका, लेन्सखाली पॉवर मीटर ठेवून मोजा. आम्ही पहिल्या सत्रात मोजलं नाही. १३५० आणि १५८० जवळ दोन रुंद टेकड्या आल्या आणि नवीन काही सापडल्यासारखं वाटलं. त्या जळून कोळसा झालेल्या सेंद्रिय पदार्थाच्या होत्या. नमुन्यावर ५ मिलिवॉट, दहा सेकंद, तीनदा. यावर आम्ही स्थिरावलो.

साधी काचेची स्लाइड ७८५ खाली १४०० च्या आसपास मोठा फुगवटा देते. कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या महाग आहेत. आम्ही स्लाइडला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. ती आधी अॅसिटोनने आणि मग इथेनॉलने पुसून घ्या, कारण कारखान्यात लाटताना लागलेल्या तेलाचा अंश तिच्यावर असतो. थेंब वाळवून मोजायचा प्रयत्न सोडून दिला. वाळताना कण कडेला जमतात, चहाच्या कपाखाली वर्तुळ उरतं तसं, आणि कडेचा संकेत मधल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त येतो. ओला थेंब, १० मायक्रोलिटरचा, कमी वर्धनाच्या लेन्सखाली, मिसळल्यापासून बरोबर पाचव्या मिनिटाला. हातात स्टॉपवॉच हवंच. मिसळण्याचा क्रमही पक्का ठेवा: कोलॉइड आधी, सीरम नंतर. उलट केलं तर पहिल्या क्षणी थोड्या कणांना भरपूर क्षार भेटतात आणि गोळे होतात.

जुलै ते सप्टेंबर २०२३, चाळीसच्या चाळीस नमुने मोजून झाले. रुग्णांमध्ये ७२५ चं पीक ठसठशीत उंच होतं. जवळजवळ प्रत्येक रुग्णात. आकडेवारी इतकी स्वच्छ होती की आम्ही निबंधाचा आराखडाही लिहायला घेतला.

तेव्हा रुग्णालयात नमुने आणायला मी स्वतः एकदा गेले. रक्त काढणाऱ्या दादांना सहज विचारलं, या ट्यूब कधीच्या? ते म्हणाले, “ताई, नऊ वाजता काढलेल्या आहेत. तुमचा माणूस दोनला येतो ना, तोवर रॅकमध्येच असतात.”

त्यांची काहीच चूक नव्हती. सेंट्रिफ्यूज किती वेळात करायचं, हे आमच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलंच नव्हतं. निरोगी माणसांचं रक्त आमच्याच इमारतीत काढलं होतं आणि अर्ध्या तासात फिरवलं होतं. रुग्णांचं पाच तास पेशींसकट, खोलीच्या तापमानाला उभं होतं. तेवढ्या वेळात रक्तपेशींमधल्या प्युरिनचं (अॅडेनिन ज्या गटातलं, त्या रेणूंचं) विघटन चालूच राहतं आणि हायपोझँथिन बाहेर झिरपतं. आमचं ७२५ रुग्णाचं होतं की रॅकमधल्या पाच तासांचं?

ते तपासायला एकाच माणसाचं रक्त सहा ट्यूबमध्ये घेऊन वेगवेगळ्या वेळी फिरवायचं होतं. मूळ मंजुरीत हे बसत नव्हतं, म्हणून समितीकडे दुरुस्तीचा अर्ज, पाच आठवडे. ते पाच आठवडे फार वाईट गेले. ऑक्टोबरअखेर प्रयोग झाला: अर्धा, एक, दोन, चार आणि सहा तास, शिवाय एक ट्यूब सहा तास बर्फात. ६३८ जागच्या जागी राहिलं. ७२५ चढत गेलं, दोन तासांनंतर नुसत्या डोळ्यांना कळेल इतकं, आणि चार-सहा तासांच्या ट्यूब आमच्या ‘रुग्ण’ गटासारख्या दिसायला लागल्या. बर्फातली ट्यूब खूपच मागे राहिली.

चाळीस नमुन्यांचा तो संच बाजूला ठेवला आणि दुरुस्त केलेल्या प्रोटोकॉलने रुग्णांचे नमुने पुन्हा घेतले. लाल झाकणाची साधी ट्यूब. ईडीटीए किंवा हेपरिनची (रक्त गोठू न देणारी रसायनं) नको, कारण तीही चांदीवर बसतात आणि चित्र बदलतात. तीस मिनिटं गोठू द्यायची, मग गुरुत्वाच्या १५०० पट, दहा मिनिटं. इथे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) लिहू नका. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर १५०० पटींसाठी साधारण ३,६६० आरपीएम लागतात. रुग्णालयातलं यंत्र वेगळं असेल तर तोच आकडा तिथे भलताच जोर देतो. सीरम लगेच २५० मायक्रोलिटरच्या भागांत वाटून उणे ८० ला. प्रत्येक भाग एकदाच वितळवायचा. कुपीवर साध्या मार्करने लिहिलेलं इथेनॉलचा हात लागताच पुसलं जातं, थंडीत टिकणारी लेबलंच घ्या. प्रत्येक ट्यूबला रबरबँडने एक चिठ्ठी बांधली, तीन रकाने: काढली, फिरवली, गोठवली. दादांनीच सुचवलं की चौथा रकाना ‘कोणी’ हा ठेवा. तो फार उपयोगी पडला.

चिठ्ठीच्या मागे आणखी काही प्रश्न छापले, कारण दोन गटांत फरक पाडणाऱ्या गोष्टी वेळेपुरत्या थांबत नाहीत. अॅलोप्युरिनॉल चालू आहे का? गाउटचं हे औषध झँथिन ऑक्सिडेजच अडवतं, म्हणजे यूरिक अॅसिड खाली आणि हायपोझँथिन वर. पुरुष की स्त्री? पुरुषांत यूरिक अॅसिड जास्त असतं, आणि तोंडाच्या कर्करोगाच्या गटात पुरुष जास्त येतात. निरोगी गटात मुली भरल्या की झालाच गोंधळ. धूम्रपान? धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात थायोसायनेट जास्त असतं, ते १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून आरामात जातं आणि २१०० च्या जरा पुढे स्वतःचं पीक काढतं. वर्णपटाची ती बाजू आम्ही सुरुवातीला मोजतही नव्हतो. मोजा. रुग्ण आणि निरोगी यांत फरक करणारा आलेख मिळाला, पण तो विडी ओढणारे आणि न ओढणारे एवढंच सांगत असला, तर काय उपयोग?

विश्लेषणाबाबत एकच गोष्ट सांगायची आहे. प्रत्येक माणसाचे दहा वर्णपट घेतले म्हणून चारशे नमुने होत नाहीत, चाळीसच राहतात. सॉफ्टवेअरला चारशे वर्णपट देऊन त्यांतले काही शिकायला, काही परीक्षेला असं सरमिसळ वाटलं, तर एकाच माणसाचे वर्णपट दोन्हीकडे जातात आणि टक्केवारी फार गोड येते. एक माणूस पूर्ण बाहेर ठेवायचा, बाकीच्यांवर शिकवायचं, मग त्याला ओळखायला सांगायचं. असं चाळीस वेळा. बेसलाइन (पिकांखालचा उतार) काढण्याची सेटिंग सगळ्यांना एकच ठेवा आणि कॉस्मिक किरणांमुळे वर्णपटात उमटणारे काटे त्याआधी काढा. असं केल्यावर आमचा ७२५ चा फरक जवळपास विरून गेला. उरलेला फरक यूरिक अॅसिडचा होता, लहान होता, आणि तेवढाच आम्ही लिहिला.

जानेवारी २०२४ मध्ये आवराआवर. रक्ताचा कचरा जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, निळ्या आणि पांढऱ्या डब्यांत जातो. चांदीचा कचरा वेगळ्या बाटलीत. सीरम मिसळलेलं कोलॉइड नेमकं कुठे, हे बायोसेफ्टी समितीकडून आधीच लेखी घेऊन ठेवा, ऐनवेळी कुणीच सांगत नाही. चांदीच्या बाटलीत अमोनिया असलेलं काहीही ओतू नका, त्यातून स्फोटक संयुगं होतात. हायपोक्लोराइटही त्या बाटलीत नको. आम्ही बाटलीत मीठ टाकून ठेवायचो. चार दिवसांत करडा-काळा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं, तेही घातक कचऱ्याच्याच पिंपात.

उरलेल्या कुप्या संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत गेल्या. किती कुप्या होत्या, किती वापरल्या आणि किती नष्ट केल्या, याचा हिशेब समारोप अहवालात द्यावा लागतो. आमच्या मोजणीत दोन कुप्या कमी भरत होत्या. त्या फ्रीझरच्या दारातल्या बर्फात चिकटलेल्या सापडल्या, मग सह्या झाल्या.